‘बटणबाज’चा शेवटचा भाग

“हातातला जोर गेला की माणसाला सोपे गेम गोड लागतात,” तौफिक म्हणाला. कॅमेरा चालू होता.

भरतेश हसला, पण ते हसू कॅमेऱ्यासाठी नव्हतं. “जोराचं काय घेऊन बसलायस लगा? वीस वर्षं तीच ती कॅसेट घालायची, काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. याला खेळणं म्हणत नाहीत, जप म्हणतात.”

“जपाला निदान पाठांतर लागतं. तुझ्या नव्या गेममध्ये तेही नको. मेलास की तिथंच जिवंत. चुकलास की गेमच सांगतो, बाळा, इकडून जा.”

“मेलेला जिवंत झाला तर तुझ्या पोटात का दुखतं?”

“मेलेल्यानं मेलो म्हणून कबूल करावं, एवढंच माझं म्हणणं आहे.”

मी घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारला, कारण कार्यक्रमात अशी शांतता पडली की ऐकणारा दुसरीकडं निघून जातो. पण तौफिक माझ्याकडं बघतच नव्हता. तो भरतेशकडं टक लावून बसला होता.

आमच्या कार्यक्रमाचं नाव ‘बटणबाज’. दर रविवारी दुपारी सांगलीत, विश्रामबागला, तौफिकच्या मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं जमायचो. एक जुना व्हिडिओ गेम घ्यायचा, एक नवा घ्यायचा, आणि दोन्हींवर आपल्या भाषेत गप्पा मारून त्या इंटरनेटवर टाकायच्या, एवढंच. तौफिक मुजावर जुन्याच्या बाजूनं, भरतेश मगदूम नव्याच्या बाजूनं, आणि मी, हेमांगी, मध्ये पंच. एरवी मी एका खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. तौफिकचं दुकान होतं आणि भरतेशची स्वतःची पिवळी व्हॅन होती. सकाळ-दुपार तो शाळेची पोरं ने-आण करायचा आणि सुट्टीत लग्नाची, देवदर्शनाची भाडी मारायचा. अलीकडं संध्याकाळनंतरची भाडी त्यानं सोडली होती. घरी वेळ द्यायला नको का, म्हणायचा.

आम्ही तिघंही एकाच शाळेतले. तौफिकच्या अब्बांचं तेव्हा शाळेमागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ओळीनं मांडलेले टीव्ही, त्यांना जोडलेली मशिनं, आणि बाकावर दाटीवाटीनं बसलेली पोरं. मुली तिथं येत नसत. मी जायचे, आणि त्यावरून घरी बोलणीही खायचे. त्या दुकानाचा राजा भरतेश होता. रणगाड्यांचा एक गेम होता, चहूबाजूंनी रणगाडे चालून यायचे आणि मधला आपला किल्ला राखायचा. भरतेश आणि तौफिक जोडीनं खेळायला बसले की त्यांना उठवण्यासाठी अब्बांना मेन स्विच पाडावा लागे.

म्हणून कार्यक्रम सुरू करताना भरतेशनं नव्या गेमची बाजू मागून घेतली, तेव्हा मला नवल वाटलं होतं. पण तो बोलायचा छान. नव्या गेममध्ये वायरीची भानगड नाही, हवं तितकं लांब बसून खेळा. कानाला हेडफोन लावला की शत्रू डावीकडून आला की उजवीकडून, हे नुसत्या आवाजावरून कळतं. हे सगळं तो इतकं रंगवून सांगायचा की मलाही पटायला लागलं होतं. लोकांना मात्र गप्पांपेक्षा भांडणं आवडायची. ज्या भागात दोघं एकमेकांना धारेवर धरत, तो भाग लोक एकमेकांना पाठवत. सुरुवातीला ती भांडणं ठरवून केलेली असायची. रेकॉर्डिंग संपलं की दोघं खाली जाऊन एका प्लेटमध्ये भडंग खायचे.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि ते थांबलं. दोघं वेगवेगळे यायचे, वेगवेगळे जायचे. कॅमेरा बंद असताना एक शब्द नाही. चालू झाला की नुसती कापाकापी. ऐकणारे खूश होते. मला वाटलं, कार्यक्रम नावारूपाला आला म्हणून आता तो कुणाचा, यावरून बिनसलं असावं.

त्या रविवारी माझा प्रश्न हवेतच राहिला. तौफिकनं खुर्ची पुढं ओढली.

“पुढच्या रविवारी लाइव्ह करू,” तो म्हणाला. “रणगाड्यांचा गेम. अब्बांचं जुनं मशीन, जुना रिमोट. आळीपाळीनं खेळायचं, ज्याचा किल्ला आधी पडेल तो हरला.”

“कशासाठी?” भरतेशनं विचारलं.

“जोर आहे म्हणतोस ना? दाखव.”

“आणि जिंकलो तर?”

“तर कार्यक्रम तुझा. वरची सगळी मशिनं तुझी. मी परत या खुर्चीवर बसत नाही.”

“आणि हरलो तर?”

“तर मी एक गोष्ट सांगेन, ती करायची.”

“कुठली गोष्ट?” मी विचारलं. “ऐकणाऱ्यांना सांगा तरी.”

“ऐकणाऱ्यांचा काही संबंध नाही,” तौफिक म्हणाला. “त्याला माहीत आहे.”

भरतेशचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “ठरलं,” तो म्हणाला, आणि कॅमेरा बंद व्हायच्या आत उठून गेला. जाताना दाराशेजारच्या स्टुलाला अडखळला. स्टूल आडवं झालं. त्यानं ते उचललं नाही. रागात आहे, असं मला वाटलं.

मधल्या दिवसांत मी दोघांनाही गाठलं. तौफिक दुकानात कुणाच्या तरी फोनची काच बदलत होता.

“काय चाललंय तुमचं?” मी म्हटलं.

“तुझं काम मधे बसायचं आहे, हेमे. मधे पडायचं नाही.”

“इतक्या वर्षांची दोस्ती आहे तुमची.”

“म्हणूनच एवढा वेळ दिला.” त्यानं मान वर केली नाही. “रविवारी ये. आणि मोठा टीव्ही आणतोय, त्याची वायर जोडायला लवकर ये.”

भरतेश शाळेच्या फाटकासमोर व्हॅनला टेकून उभा होता. मी विषय काढताच त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“त्याला माझा धंदा खुपतो,” तो म्हणाला. “स्वतःच्या दुकानात माश्या मारतोय. माझं बरं चाललंय, ते बघवत नाही.”

“तौफिक तसा नाही, भरतेश.”

“तुला काय माहीत तो कसा आहे? तू त्याची बाजू घ्यायला आलीस का? मग जा. पोरं सुटायची वेळ झाली.”

त्याच्याशी माझं असं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी आल्या पावली परत फिरले.

रविवारी मी पोचले तेव्हा तौफिकनं मोठा टीव्ही टेबलावर बसवला होता आणि त्याच्यापुढं, अगदी नाकासमोर म्हणावं इतक्या जवळ, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. भरतेश आला. खुर्च्या बघून दारातच थांबला.

“मी मागं भिंतीशी बसतो,” तो म्हणाला.

“वायर पुरत नाही. जुना रिमोट आहे.”

“टीव्ही मागं घे.”

“टीव्ही तिथंच राहील. लहानपणी याच्यापेक्षा जवळ बसायचास. अब्बा ओरडायचे, डोळे जातील म्हणून.”

भरतेशनं त्याच्याकडं असं पाहिलं की आता हात उगारतो की काय, असं मला वाटलं. पण तो येऊन बसला. खिशातली किल्ली काढून शेजारच्या टेबलावर ठेवली, बाह्या सरसावल्या. मी माझ्या जागी, दोघांच्या मागं, लॅपटॉपसमोर बसले. लाइव्ह सुरू केलं. लोक भराभर जमले. भरतेशच्या व्हॅनमधल्या पोरांचे आईबापही आमचा कार्यक्रम बघत, त्यांची नावंही दिसायला लागली.

पहिला तौफिक खेळला. बरा खेळला, पण त्याचं लक्ष नव्हतं. काही फेऱ्या काढल्या आणि एका बेसावध क्षणी त्याचा किल्ला पडला. त्यानं रिमोट भरतेशकडं दिला, एक शब्द न बोलता.

मग भरतेश खेळायला लागला. तसा खेळ मी त्यानंतर कुणाचा पाहिलेला नाही. रणगाडा पडद्यावर दिसायच्या आधीच त्याची गोळी सुटलेली असायची. कुठल्या फेरीत कुठल्या कोपऱ्यातून शत्रू निघणार, हे सगळं त्याला लहानपणापासून तोंडपाठ होतं. डोळे पडद्याच्या मधोमध खिळलेले, मान हलत नव्हती, फक्त अंगठे चालत होते. तौफिकची फेरी त्यानं कधीच मागं टाकली. लोक लिहीत होते, मगदूमशेठ, नाद खुळा. मीही हरखून वाचून दाखवत होते.

“बस,” शेवटी भरतेश म्हणाला आणि रिमोट खाली ठेवला. “हरलास.”

“हरलो,” तौफिक म्हणाला. “मशिनं घेऊन जा. कार्यक्रमही तुझा.”

“मग उठ त्या खुर्चीवरून.”

“उठतो. त्याआधी ही एक खेळ.” त्यानं खिशातून दुसरी कॅसेट काढली. “गेम हाच. फक्त यात रणगाडे पाठ करता येत नाहीत. दर वेळी वेगळीकडून येतात.”

“ठरलं होतं ते झालं. मी नाही खेळत.”

“का?”

“नाही खेळत म्हणजे नाही खेळत.”

पण लाइव्ह चालू होतं आणि लोकांना चेव चढला होता. खेळ, खेळ, घाबरला का, असं पडद्यावर धो धो यायला लागलं. तौफिकनं कॅसेट बदललीसुद्धा. भरतेशनं माझ्याकडं वळून पाहिलं. मला वाटलं, तो मला लोक काय म्हणताहेत ते विचारतोय. मी सांगितलं, “खेळ म्हणतायत.” त्यानं ओठ आवळले आणि रिमोट उचलला.

पहिला रणगाडा डाव्या कडेनं आला. आडोसा नाही, घाई नाही, उघड्या मैदानातून सावकाश चालत आला. भरतेश समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडत राहिला. रणगाडा किल्ल्यापाशी पोचला आणि किल्ला पडला.

“परत,” भरतेश म्हणाला.

परत तेच. या वेळी उजवीकडून. मी न राहवून म्हणाले, “अरे, उजवीकडं बघ.” त्यानं मान गर्रकन वळवली, तोवर वेळ गेली होती. तिसऱ्यांदा तो डोकं सारखं इकडून तिकडं फिरवत खेळला, वाट चुकलेल्या माणसासारखा. तिसऱ्यांदाही किल्ला पडला. लोक लिहायला लागले होते, मुद्दाम हरतोय, सेटिंग आहे.

तौफिकनं आपला डावा हात उचलला आणि भरतेशच्या कानाच्या रेषेपेक्षा जरा पुढं, बाजूला धरला. बोटं पसरली.

“किती बोटं?”

“काय?”

“मान वळवू नकोस. पडद्याकडं बघ आणि सांग. माझी किती बोटं आहेत?”

खोलीत गेमची ती टिणटिण चालली होती. भरतेश पडद्याकडं बघत राहिला.

“दोन,” तो म्हणाला.

तौफिकनं पाचही बोटं पसरली होती. मी लाइव्ह बंद केलं.

“चालू कर,” तौफिक म्हणाला.

“नाही करणार. लाज वाटत नाही का तुला? काय तमाशा लावलायस हा?”

“तमाशा नाही. याला विचार, पोरांना व्हॅनमध्ये घालून हा रस्ता कसा बघतो.”

भरतेश ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. “मी रस्ता तुझ्यापेक्षा चांगला बघतो. त्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय? त्याच्यातली बारीक अक्षरातली तिथीसुद्धा इथून वाचून दाखवतो. ऐकायची आहे?” आणि त्यानं खरंच वाचून दाखवली. मला चष्मा असूनही ती दिसत नव्हती.

“समोरचं दिसतं तुला,” तौफिक म्हणाला. “तेवढंच दिसतं. बाजूचं काही दिसत नाही. या खोलीत येऊन महिना महिना भिंतीशी बसून खेळतोस, सगळा टीव्ही तुझ्या नळीएवढ्या नजरेत मावावा म्हणून. मला कळत नाही का?”

“हे कुठून आलं?” मी विचारलं. “तौफिक, नीट सांग.”

तौफिकनं माझ्याकडं न बघताच सांगितलं. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात त्याची बाईक बंद पडली होती, म्हणून तो भाचीबरोबर भरतेशच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसला. मिरजेच्या रस्त्याला चौकात डावीकडून एक सायकलवाला म्हातारा येत होता. अंतर होतं, वेळ होती, ऊन लख्ख होतं. भरतेशनं ब्रेकला पायच लावला नाही. तौफिकनं स्टिअरिंग धरून ओढलं. व्हॅन दुभाजकाला घासून थांबली. मागं पोरं एकमेकांवर पडली आणि हसायला लागली. त्यांना गंमत वाटली.

“मी ओरडलो, म्हातारा दिसला नाही का? तर हा मला म्हणतो, कुठला म्हातारा?”

“एकदा झालं,” भरतेश म्हणाला. “कुणाचंही होतं एकदा.”

“एकदा नाही. त्यानंतर मी रोज तुझ्या मागं बाईकवरून येत होतो. मोजत नाही बसलो. पण एकदा नाही.”

“तुझी भाची काढून घेतलीस ना माझ्या व्हॅनमधून? मग झालं की.”

“बाकीच्या पोरांचे मामा त्या दिवशी व्हॅनमध्ये नव्हते.”

यावर भरतेशचा आवाज एकदम खाली आला आणि तो खालचा आवाज जास्त भीतिदायक होता. “तुला सांगितलं होतं मी. या विषयात पडू नको म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन त्रिशलासमोर विषय काढलास तर तंगडं मोडीन म्हणालो होतो.”

“म्हणाला होतास. म्हणून घरी नाही आलो. शाळेत सांगावं म्हणून गेलो, फाटकापाशी जाऊन परत फिरलो. म्हटलं, दोस्ताची चुगली करून त्याचं पोट मारायचं? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. महिनाभर सांगतोय, स्वतःच्या तोंडानं सांग.”

“शाळेत चुगली करायला जीभ रेटली नाही आणि जगासमोर माझी अब्रू काढायला रेटली?”

“होय,” तौफिक म्हणाला. “रेटली.”

महिनाभर जे मी ऐकत होते, ते मग मला उमगलं. मेलेल्यानं कबूल करावं. हातातला जोर गेला. दर रविवारी कॅमेऱ्यासमोर तौफिक एकच गोष्ट बोलत होता, भरतेश एकच गोष्ट नाकारत होता, आणि मी मध्ये बसून जुने गेम, नवे गेम करत होते.

तरीही तौफिकचं मला सगळं पटलं होतं असं नाही. ज्या माणसानं कॅलेंडरातली तिथी वाचली, त्याला दिसत नाही, हे मनाला घ्यायला जड जात होतं. आणि तौफिकच्या वागण्यात एक क्रूरपणा होता. तो मला सहन होत नव्हता.

“भरतेश,” मी म्हणाले, “डॉक्टरांना दाखवलंस?”

तो म्हणाला, “दोन वर्षं झाली.”

“काय म्हणाले?”

“डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. नजर कडेनं मिटत येते. मधलं राहतं. किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. औषध नाही.” बातम्या वाचाव्यात तसं तो सांगत होता. “त्रिशलाला माहीत नाही. आईला तर नाहीच. घरात खाणारी तोंडं आहेत, व्हॅनचे हप्ते आहेत, आणि मला दुसरं काही येत नाही. आता कळलं? समाधान झालं दोघांचं?”

“उद्या सकाळी पोरं न्यायला जाणार आहेस?” मी विचारलं.

“जाणार. रस्ता मला पाठ आहे.”

“रस्ता पाठ आहे,” तौफिक म्हणाला. “त्याच्यावर चालणारी माणसं पाठ आहेत का?”

भरतेशनं त्याला ढकललं. तौफिक टेबलावर आपटला, टेबल सरकलं, अब्बांचं जुनं मशीन वायरीसकट खाली पडलं आणि त्याचं झाकण निखळलं. तौफिकनं उलट हात उचलला नाही. तो उठून दारात जाऊन उभा राहिला.

“बाजूला हो,” भरतेश म्हणाला.

“नाही होत.”

“हो म्हणतो ना बाजूला. मला घरी जायचंय.”

तो किल्लीसाठी टेबलाकडं वळला. किल्ली तिथंच होती. टेबल सरकलं तेव्हा जराशी कडेला गेली होती, त्याच्या डाव्या कोपरापाशी, हातभरही लांब नाही. मी त्याच्या डाव्या बाजूलाच उभी होते. तो समोर बघून टेबल चाचपत होता. माझा हात आपोआप पुढं गेला. मी किल्ली उचलली. लपूनछपून नाही, सरळ उचलली, किल्लीच्या साखळीचा आवाज होऊ नये म्हणून मूठ मात्र आवळली. आता तो माझ्याकडं बघेल, दे म्हणेल, असं मला वाटत होतं. बघावं म्हणून मी देवाचा धावाही केला.

तो टेबल चाचपत राहिला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. खुर्ची सरकवली. खिसे तपासले. तौफिक दारातून माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या सबंध महिन्यात त्याच्या डोळ्यांत रागाशिवाय काही मी पाहिलं नव्हतं.

“किल्ली कुठं गेली?” भरतेश म्हणाला. “इथंच ठेवली होती मी.”

त्यानं परत एकदा टेबलावरून हात फिरवला.

“हेमांगी, किल्ली बघितलीस का?”

“माझ्या हातात आहे,” मी म्हणाले. “तुझ्यासमोरच उचलली, भरतेश.”

तो माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला. माझ्या मुठीकडं त्यानं पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडं. मग खाली पडलेली खुर्ची सरळ करून तो तिच्यावर बसला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तो त्यानं झटकला.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “दोघंही माझ्यासमोरून जा.”

आम्हीच खाली गेलो. थोड्या वेळानं जिन्यावर त्याची पावलं वाजली. एकेक पायरी पायानं चाचपत तो उतरला, आम्हाला ओलांडून गेला आणि थांब्यावर जाऊन बसची वाट बघत उभा राहिला. व्हॅन दुकानासमोरच होती. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही. बस आली तेव्हा पाटी वाचायला त्याला काहीच अडचण आली नाही.

दुसरी किल्ली त्याच्या घरी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सोमवारी पहाटे मी उठून दुकानापाशी गेले. तौफिक तिथंच पायरीवर बसला होता, व्हॅनवर डोळा ठेवून. मीही शेजारी बसले. उजाडलं, शाळेची वेळ झाली, टळली. भरतेश आला नाही. मग रिक्षातून त्रिशला उतरली. भरतेशची बायको फार बोलणारी नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं माझ्याकडून किल्ली मागून घेतली, व्हॅन दुकानासमोरच राहू द्या म्हणाली आणि तौफिकसमोर जाऊन उभी राहिली.

“त्यांनी सकाळी सगळ्यांच्या घरी फोन केले,” ती म्हणाली. “स्वतः. एकेकाला सांगितलं, मला दिसत नाही, पोरांची दुसरी सोय बघा म्हणून. काहीजण फार वाईट बोलले. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?”

“होय, वहिनी,” तौफिक म्हणाला.

“मग झालं,” ती म्हणाली आणि गेली.

‘बटणबाज’ तिथंच संपलं. तो शेवटचा भाग लोकांनी पुष्कळ पाहिला. पाच बोटांचं ते दृश्य कापून त्यावर गाणी लावून फिरवलं. आम्ही तो काढून टाकला तरी कुठून कुठून परत यायचा. भरतेशच्या लहान मुलाला शाळेत पोरं बोटं दाखवून ‘किती’ विचारत. हे मला तौफिकनंच सांगितलं. सांगताना तो दुकानाच्या काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा होता.

व्हॅन काही महिने उभी राहिली. मग त्रिशलानं गाडी चालवायला शिकून घेतलं, परवाना काढला आणि एका एका आईला भेटून पोरं परत मिळवली. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. आज तिच्याकडं दोन व्हॅन आहेत. दुसऱ्या व्हॅनवरही तिनं बाईच ठेवली आहे. भरतेश घरून फोन घेतो, वेळा सांभाळतो, पालकांची भांडणं मिटवतो. त्याची मधली नजरही आता विरत चालली आहे. हेडफोन लावून तो अजून खेळतो, आणि आवाजावर खेळायच्या गेममध्ये त्याला हरवणारं सांगलीत कुणी नाही, असं त्याचा मुलगा मला अभिमानानं सांगतो.

माझ्याशी तो दोन वर्षांनी बोलायला लागला. त्याची आई वारल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले होते. तेव्हापासून अधूनमधून जाते. तौफिकशी मात्र तो बोलला नाही. त्या वेळी तौफिकही आला होता. अंगणात चपला काढून उभा होता. भरतेशनं त्याचं खाकरणं ओळखलं आणि उठून आतल्या खोलीत गेला.

गेल्या दिवाळीत फराळाला गेले होते. त्रिशला आत होती. धीर करून मी विचारलं, “तौफिकशी नाहीच बोलणार का रे? किल्ली तर मी घेतली होती.”

“तू ती लाइव्ह बंद करून घेतलीस,” तो म्हणाला. “त्यानं मला दाखवलं. सगळ्या जगाला.”

“पण भरतेश, एखाद्या पोराला काही झालं असतं तर?”

“झालं असतं,” तो शांतपणे म्हणाला. “त्या सोमवारी नाही तर मंगळवारी, पण झालंच असतं. मला काय कळत नाही होय? तो बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.”

“मग?”

त्यानं बशीतली चकली बोटांनी शोधून उचलली, मोडली, आणि तशीच हातात धरून बसला.

“चुकला असता तर कधीच माफ केलं असतं,” तो म्हणाला.